आयबी डिप्लोमाची दोन वर्षे: किती द्यावे लागते, काय हाती येते

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी पुण्यात राज्य मंडळाच्या इंग्रजी माध्यमातून दहावी उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली आहे. अकरावी-बारावीसाठी आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) डिप्लोमा देणाऱ्या शाळेत जावे असे तिला आणि तिच्या आईला वाटते. वडिलांच्या मते विज्ञान शाखा घेऊन जेईईचा क्लास लावावा, आणि आयबीचाच आग्रह असेल तर दोन्ही एकत्र करावे. मुलगी लहानपणापासून शास्त्रीय गायन शिकते आहे आणि ते सुटेल अशी घरात धास्ती आहे. शिवाय न्यू जर्सीत राहणारी मावशी सांगते की तिकडे मुले एपी (हायस्कूलमध्येच घेता येणारे महाविद्यालयीन पातळीचे सुटे विषय) घेतात, तेवढे पुरते. एवढी फी, एवढी जागरणे आणि गाणे, हे सगळे पणाला लावण्याइतके या अभ्यासक्रमात काही आहे का?

मुंबई आणि पुण्यातल्या शाळांत मी हा अभ्यासक्रम बरीच वर्षे शिकवला आणि नंतर त्याचा समन्वयक म्हणून काम केले, त्यामुळे माझे मत सर्वस्वी तटस्थ आहे असे आपण समजू नये. तरीही माझे उत्तर स्पष्ट आहे. जिला वाचायला, लिहायला, एखाद्या प्रश्नामागे महिनोन्महिने लागायला आवडते आणि जिचे पुढचे शिक्षण परदेशात किंवा देशातल्या लिबरल आर्ट्स विद्यापीठांत होण्याची खरी शक्यता आहे, तिच्यासाठी हे कष्ट सार्थकी लागतात. ज्या मुलाचे ध्येय आयआयटी किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याच्यासाठी ते सार्थकी लागत नाहीत. आणि दोन्ही एकत्र करण्याचा बेत मी ज्या ज्या घरांत पाहिला, त्यांपैकी बहुतेक ठिकाणी दोन्हीकडचे निकाल खालावले.

हे असे का होते ते कळण्यासाठी अभ्यासक्रमाची रचना आधी पाहावी लागेल. १९६८ मध्ये जिनिव्हात स्थापन झालेल्या संस्थेचा हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. विद्यार्थी सहा विषय घेतो: एक भाषा साहित्यासह, दुसरी एक भाषा, एक सामाजिक शास्त्र, एक विज्ञान, गणित, आणि सहावा कलेचा किंवा आधीच्या गटांतला आणखी एक. सहापैकी सहसा तीन विषय वरच्या पातळीवर, म्हणजे एचएल, आणि तीन एसएल पातळीवर असतात. एचएलच्या विषयाला २४० तासांचे आणि एसएलच्या विषयाला १५० तासांचे अध्यापन अपेक्षित असते. प्रत्येक विषयाला ७ गुण, म्हणजे ४२, आणि वरचे ३ गुण दोन गोष्टींतून मिळतात: ज्ञानमीमांसेचा, म्हणजे आपल्याला जे कळते ते कशाच्या आधारे कळते याचा विचार करणारा, टीओके हा विषय आणि ४,००० शब्दांपर्यंतचा प्रबंध, ज्याला सगळे ईई म्हणतात. एकूण ४५. डिप्लोमा मिळण्यासाठी किमान २४ गुण लागतात, पण त्यासोबत अटीही आहेत: एचएलच्या तीन विषयांत मिळून किमान १२ गुण हवेत, कोणत्याही विषयात १ गुण चालत नाही. याशिवाय कॅस, म्हणजे सर्जनशील काम, शारीरिक हालचाल आणि समाजसेवा, निदान १८ महिने चालू ठेवावे लागते. त्याला गुण नसतात, पण ते पुरे केले नाही तर डिप्लोमा अडतो.

कागदावर हे फार जड दिसत नाही. राज्य मंडळाच्या बारावीलाही सहा विषय असतात, आणि पाठ्यपुस्तकाच्या पानांच्या हिशेबाने पाहिले तर आपल्या अकरावी-बारावीचा रसायनशास्त्राचा आवाका कमी नाही. खरा भार वेगळ्या ठिकाणी आहे. डिप्लोमात प्रत्येक विषयाला अंतर्गत मूल्यमापनाचे काम असते, ज्याला मुले आयए म्हणतात. गणितात १२ ते २० पानांचा स्वतंत्र शोध, विज्ञानात स्वतः आखलेला आणि स्वतः केलेला प्रयोग, इतिहासात २,२०० शब्दांचा साधनांवर आधारलेला शोधनिबंध, अर्थशास्त्रात वृत्तपत्रांतल्या बातम्यांवर प्रत्येकी ८०० शब्दांची तीन भाष्ये. अंतिम गुणांत या कामांचा वाटा विषयानुसार साधारण २० ते ३० टक्के असतो. यांतले कोणतेही एक काम अवघड नाही. ती सगळी दुसऱ्या वर्षाच्या ऑगस्ट ते डिसेंबर या पाच महिन्यांत एकमेकांवर येऊन आदळतात. त्याच काळात ईईचा अंतिम मसुदा द्यायचा असतो, टीओकेचा १,६०० शब्दांचा निबंध लिहायचा असतो आणि विद्यापीठांचे अर्जही करायचे असतात. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या अर्जाची मुदत ऑक्टोबरच्या मध्यावर संपते. अमेरिकेतल्या अनेक महाविद्यालयांची पहिली मुदत १ नोव्हेंबर आणि नेहमीची जानेवारीच्या सुरुवातीला असते. जी मुले पहिल्या वर्षाच्या मे-जूनच्या सुट्टीत ईईचा पहिला मसुदा आणि किमान एक आयए संपवतात, त्यांची दिवाळी बरी जाते. बाकीच्यांची झोप जाते. या वयात आठ ते दहा तास झोप लागते असे वैद्यक सांगते, आणि दुसऱ्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये ती मिळणारी मुले वर्गात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात. आपण ज्या त्यागाबद्दल विचारता आहात त्याचा सर्वांत मोठा हिस्सा हाच आहे, आणि तो बऱ्याच अंशी नियोजनाने कमी होऊ शकतो.

आता वडिलांच्या प्रस्तावाकडे येतो, कारण निर्णय तिथेच अडला आहे. जेईईसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे तिन्ही विषय डिप्लोमात घेता येतात, त्यामुळे पात्रतेचा प्रश्न येत नाही. डिप्लोमाला बारावीशी समकक्षता भारतीय विद्यापीठ संघटना देते. विषयांची निवड त्यांच्या अटींत बसते का, हे प्रवेशाआधी शाळेकडून लेखी घ्यावे. अडचण वेळापत्रकाची आणि स्वभावाची आहे. जेईई मेनचे पहिले सत्र जानेवारीत असते, जेव्हा आयएचे शेवटचे मसुदे आणि सराव परीक्षा सुरू असतात. दुसरे सत्र एप्रिलमध्ये, आणि डिप्लोमाच्या लेखी परीक्षा एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत. वैद्यकीय प्रवेशाची नीट तर सहसा मेच्या पहिल्या रविवारी, ऐन परीक्षेच्या मध्ये येते, आणि तिला लागणारी तीन विज्ञाने घ्यायची तर डिप्लोमाच्या नेहमीच्या विषयरचनेला अपवाद म्हणून वेगळी परवानगी काढावी लागते. एमएचटी-सीईटी राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीच्या अभ्यासक्रमावर बेतलेली आहे. व्हीजेटीआय किंवा सीओईपीसारख्या राज्यातल्या अभियांत्रिकी संस्थांत जायचे असेल तर तोच अभ्यासक्रम दोन वर्षे शिकलेले मूल साहजिकच पुढे असते. डिप्लोमाचा निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागतो, तोवर आयआयटी-एनआयटीची जागावाटपाची प्रक्रिया सुरू झालेली असते आणि अनेक कागदपत्रे तात्पुरत्या हमीवर चालवावी लागतात. हे सारे निस्तरता येते, पण निस्तरायला माणूस लागतो, आणि बहुतेक घरांत तो माणूस म्हणजे आई असते.

स्वभावाची अडचण याहून मोठी आहे. जेईई तीन तासांत पाऊणशे प्रश्नांपैकी जास्तीत जास्त प्रश्न अचूक सोडवायला सांगते. तिथे वेग, सराव आणि कोणता प्रश्न सोडायचा याची जाण लागते. ती जाण हजारो गणिते सोडवून येते आणि त्यात कमीपणाचे काही नाही. डिप्लोमा मात्र त्याच विद्यार्थ्याला सांगतो की एक प्रश्न घे, तो स्वतः मांड, तीन महिने त्यावर राहा, आणि तुझ्या उत्तराची मर्यादा काय ते शेवटी लिही. या दोन सवयी एकाच आठवड्यात, संध्याकाळी क्लासमध्ये आणि रात्री आयएसमोर, सोळा वर्षांच्या मुलीकडून मागणे अन्यायाचे आहे. जेईई खरोखर मुलीची स्वतःची इच्छा असेल तर सरळ अकरावी विज्ञान घ्यावे, चांगला क्लास लावावा आणि आयबीचा विषय मिटवावा. तो कमी दर्जाचा मार्ग मुळीच नाही. खर्चाच्या मानाने तो कदाचित देशातला सर्वांत फलदायी मार्ग आहे.

मग डिप्लोमातून मिळते काय? माझ्या अनुभवात सर्वांत टिकाऊ गोष्ट ईई आहे, आणि तिचे महत्त्व पालकांना सहसा शेवटी कळते. समजा एखाद्या मुलीला अर्थशास्त्रात कांद्यावर लिहायचे आहे. पहिल्या भेटीत ती सांगते की ‘महाराष्ट्रातील कांदा उत्पादकांच्या समस्या’ हा विषय आहे. त्यावर चार हजार शब्दांत काहीही सिद्ध होत नाही. मग तिला विचारायचे की कोणता काळ, कोणती बाजारपेठ, कोणते धोरण. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले, डिसेंबरमध्ये निर्यातबंदी आली आणि मे २०२४ मध्ये ती उठली. या तीन टप्प्यांत लासलगावच्या घाऊक भावात काय झाले आणि त्यातले किती धोरणामुळे, किती पावसामुळे, हा प्रश्न तिला हाताळता येतो. आकडे बाजार समितीकडून मिळवावे लागतात, ते कधी अपुरे निघतात, मग व्यापाऱ्याशी बोलावे लागते, आणि शेवटी तिला कबूल करावे लागते की पावसाचा परिणाम तिला पूर्णपणे वेगळा काढता आला नाही. मार्गदर्शक शिक्षकाने यासाठी सगळे मिळून साधारण तीन ते पाच तासच द्यायचे असतात. बाकीचे काम तिचे. सतराव्या वर्षी हे एकदा केलेल्या मुलीला पुढे पदवीच्या पहिल्या वर्षाचा टर्म पेपर पाहून घाम फुटत नाही. आपल्या बारावीत, कितीही चांगल्या महाविद्यालयात, हे करण्याची संधी येत नाही, कारण तिथे तसे मागितलेच जात नाही. (याच कारणाने ईई बाहेरच्या कोणाकडून पैसे देऊन ‘तयार’ करून घेणाऱ्या पालकांचे मला आश्चर्य वाटते. फी भरून जे विकत घेतले तेच ते फेकून देतात, आणि पकडले गेल्यास डिप्लोमाही जातो.)

याबाबत केवळ माझ्या अनुभवावर विसंबू नये. शिकागोच्या सरकारी शाळांनी १९९७ पासून साध्या वस्त्यांतल्या शाळांत हा अभ्यासक्रम आणला, जिथली मुले बहुतांशी कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, कमी उत्पन्नाच्या घरांतली होती. शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, डिप्लोमापर्यंत टिकलेली मुले त्यांच्यासारख्याच इतर मुलांच्या तुलनेत चार वर्षांच्या महाविद्यालयात जाण्याची शक्यता सुमारे ४० टक्क्यांनी अधिक आढळली. लेखनाची आणि वेळ सांभाळण्याची तयारी चांगली झाल्याचे त्या मुलांनी सांगितले. गणिताबद्दल मात्र त्यांना तेवढा विश्वास नव्हता. ताणाबद्दल साउथ फ्लोरिडा विद्यापीठाच्या शॅनन सुल्डो आणि सहकाऱ्यांनी बरेच काम केले आहे. त्यांना आयबीच्या मुलांत ताण इतरांपेक्षा अधिक दिसला, पण त्यांचे मानसिक स्वास्थ्य एकंदरीत इतरांपेक्षा वाईट दिसले नाही. मी या निष्कर्षांवर फार मोठी इमारत उभी करणार नाही, कारण असा अभ्यासक्रम निवडणारी आणि त्यात टिकणारी मुले मुळातच वेगळी असतात. एपीच्या बाबतीत टेक्सासमधल्या आकडेवारीवर क्लोपफेनस्टाइन आणि थॉमस यांनी २००९ मध्ये नेमके हेच दाखवले: मुलांनी घेतलेले बाकीचे अभ्यासक्रम हिशेबात धरले की केवळ एपीच्या वर्गात बसल्याने महाविद्यालयातले यश वाढते असे ठामपणे म्हणता येत नाही.

मावशींचे म्हणणे त्यांच्या जागी बरोबर आहे. एपी सुटा मिळतो. ज्या विषयात गती आहे तो घ्यायचा, मे महिन्यात परीक्षा द्यायची, १ ते ५ मध्ये गुण मिळतात, आणि चांगला गुण असेल तर अनेक सरकारी विद्यापीठे त्याचे क्रेडिट देतात, ज्यामुळे पदवीचा काही खर्च वाचतो. तिथल्या सरकारी शाळेत त्या वर्गाची वेगळी फी नसते, आणि हायस्कूलचे प्रमाणपत्र मुलाला त्याशिवायही मिळणारच असते. एक एपी बिघडला तर एक एपी बिघडला. पुण्यात तशी सोय नाही. इथे डिप्लोमा हाच बारावीचा दाखला असतो, म्हणून दुसऱ्या वर्षी पाय घसरला तर त्याची किंमत कितीतरी मोठी असते. न्यू जर्सीतल्या मुलीला मी बहुधा दोन-तीन एपी घ्यायला सांगितले असते आणि उरलेल्या वेळात गाऊ दिले असते.

परदेशी प्रवेशाबद्दल एक गोष्ट पालकांच्या मनात फार पक्की असते की डिप्लोमा असला की दारे उघडतात. ब्रिटनची विद्यापीठे आयबीच्या गुणांवर सशर्त प्रवेश देतात. ऑक्सफर्ड-केंब्रिजसारख्या ठिकाणी साधारण ३८ ते ४२ गुण आणि एचएल विषयांत ६-७ मागितले जातात. जगभरची सरासरी ३० च्या आसपास असते हे ध्यानात घेतले की ही मागणी किती वरची आहे ते कळेल. ब्रिटनमधल्या अनेक विद्यापीठांत भारतातल्या बारावीचे गुणही ग्राह्य धरले जातात, फक्त टक्क्यांची अपेक्षा बरीच वर असते. अमेरिकेत मुलाने आपल्या शाळेत उपलब्ध असलेल्यांपैकी अवघड अभ्यासक्रम घेतला का, हे पाहतात. तिथे २८ गुणांचा डिप्लोमा चांगल्या बारावीपेक्षा आपोआप वरचढ ठरत नाही. देशात अशोका, फ्लेम यांसारखी विद्यापीठे आयबीच्या मुलांना सरावलेली आहेत, आणि माझ्या पाहण्यात त्यांना तिथे पहिल्या वर्षी सर्वांत कमी त्रास होतो.

गणिताच्या निवडीत मात्र दारे खरोखर बंद होतात. २०१९ पासून डिप्लोमात गणिताचे दोन अभ्यासक्रम आहेत, एए (अ‍ॅनालिसिस अँड अ‍ॅप्रोचेस) आणि एआय (अ‍ॅप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशन), आणि दोन्हींना एचएल-एसएल पातळ्या आहेत. सोपे म्हणून एआय एसएल घेतलेल्या मुलांना अभियांत्रिकी, भौतिकशास्त्र आणि अनेक चांगल्या ठिकाणी अर्थशास्त्रही घेता येत नाही. हे शाळेत पहिल्या पंधरवड्यात ठरते, जेव्हा घरी कोणाला त्याचा अर्थ माहीत नसतो. आपल्या मुलीला अर्थशास्त्राची ओढ असेल तर एए, आणि जमल्यास एचएल, एवढे धरून चालावे. त्या बदल्यात विज्ञान एसएलला ठेवावे. तीन अवघड एचएल घेऊन ३१ गुण मिळवण्यापेक्षा विचारपूर्वक निवडलेल्या विषयांत ३७ मिळवणे तिच्या हिताचे आहे. राज्य मंडळातून येणाऱ्या मुलीला पहिल्या सहा महिन्यांत सर्वांत जास्त त्रास विज्ञानात होत नाही, इंग्रजीत होतो: न पाहिलेला उतारा देतात आणि लेखकाने तो असा का लिहिला यावर सलग निबंध मागतात. दहावीच्या सुट्टीत याची थोडी तयारी केली तर पुढचे बरेच सुसह्य होते.

गाण्याबद्दल. कॅसमध्ये संगीत बसते, पण आधीपासून जे चालू आहे तेच पुढे चालू ठेवणे पुरेसे धरत नाहीत. काही नवे उद्दिष्ट लागते, उदाहरणार्थ लहान मुलांना शिकवणे किंवा एखादी बैठक स्वतः उभी करणे. रोजचा दोन तासांचा रियाज दुसऱ्या वर्षी टिकत नाही, तसे आश्वासन मी देणार नाही. पाऊण तास टिकतो, जर तो सकाळी शाळेच्या आधी असेल आणि घरातले त्याला अभ्यासातून चोरलेला वेळ समजत नसतील. गांधर्व महाविद्यालय मंडळाची परीक्षा समोर असेल तर ती पहिल्या वर्षी उरकावी किंवा सरळ दोन वर्षे पुढे ढकलावी. गुरुजींशी हे आधीच बोलून घ्यावे. बहुतेक गुरू अशा वेळी समजून घेतात, न सांगता गैरहजर राहिलेले त्यांना आवडत नाही. जेईईच्या क्लाससोबत एवढाही रियाज टिकतो का, हा प्रश्न वडिलांनी त्याच बैठकीत स्वतःला विचारावा.

पैशाचे बोलणे टाळू नये. मुंबई-पुण्यात डिप्लोमाची फी वर्षाला काही लाखांत आहे आणि मोठ्या शाळांत ती दहा लाखांच्या पुढे जाते. परीक्षेचे शुल्क वेगळे, आणि ज्या खासगी शिकवण्यांची गरज नाही असे शाळा प्रवेशाच्या वेळी सांगते त्यांचा खर्चही बहुतेक घरांत होतोच. अनुदानित ज्युनिअर कॉलेजची दोन वर्षांची फी या शाळांच्या एका महिन्याच्या बसभाड्याच्या जवळपास येते. ही फी भरल्यावर पदवीसाठी परदेशी पाठवण्याचे पैसे उरणार नसतील, तर माझा सल्ला स्पष्टपणे अकरावीचा आहे. पदवीच्या वेळी वापरता येणारे पैसे आत्ता संपवू नयेत. याला एक अपवाद मुळशीजवळचे महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. तिथे १९९७ पासून हाच डिप्लोमा शिकवला जातो, जगभरातून मुले येतात आणि गरजेनुसार शिष्यवृत्ती मिळते. निवड कडक आहे आणि अर्ज आधीच्या वर्षी करावा लागतो, त्यामुळे यंदा ते हुकले असेल. धाकटे भावंड असेल तर त्याच्यासाठी ध्यानात ठेवावे.

शाळा निवडताना इमारत आणि सरासरी गुण दाखवणारे फलक बाजूला ठेवून तीन गोष्टी विचाराव्यात. गेल्या दोन वर्षांत डिप्लोमाचे किती शिक्षक सोडून गेले. दुसऱ्या वर्षी मध्येच शिक्षक बदलला की आयए पुन्हा पहिल्यापासून समजावून द्यावा लागतो. विद्यापीठांच्या अर्जांसाठी शाळेने आधीच दिलेले अंदाजित गुण आणि प्रत्यक्ष निकाल यांत सरासरी किती फरक पडला. तो मोठा असेल तर निकालानंतर ब्रिटनमधल्या जागा हातच्या जातात. आणि पहिल्या सत्राच्या शेवटी एखाद्या मुलीला हे जमत नाही असे दिसले, तर शाळा विषय एचएलवरून एसएलवर आणू देते का, किती दिवसांपर्यंत. राज्य मंडळाच्या अकरावीत परतण्याचा मार्ग प्रवेश प्रक्रिया संपेपर्यंतच सोपा असतो, म्हणून शाळेत गेल्यावर पहिले सहा आठवडे घरातल्या सर्वांनी तिचे इंग्रजीचे लिखाण आणि तिची झोप यांवर लक्ष ठेवावे, आणि तोवर ज्युनिअर कॉलेजची मिळालेली जागा सोडू नये.